कॅलिफोर्नियात यूसी आणि कॅल स्टेट वेगवेगळं का?

भाचीसाठी कॉलेजं बघतोय. बर्कली, यूसीएलए (ही यूसीची, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), सॅन होजे स्टेट (हे कॅल स्टेटचं, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी), सगळी सरकारीच ना? मग एकाच राज्यात दोन वेगळ्या सिस्टिम कशाला ठेवल्यात?

उत्तर १
मुळातच वेगळी आहेत हो. यूसी १८६८ चं, त्यामागे १८६२ चा मॉरिल कायदा, म्हणजे केंद्राने राज्यांना जमिनी दिल्या, त्या विका आणि त्या पैशात शेती नि इंजिनिअरिंग शिकवणारी कॉलेजं काढा. कॅल स्टेटचं मूळ सॅन फ्रान्सिस्कोत १८५७ ला निघालेल्या शिक्षक घडवणाऱ्या संध्याकाळच्या शाळेत, तीच पुढे सॅन होजे स्टेट झाली. वयाने थोरलं कॅल स्टेट, मान मात्र धाकट्याला :)

उत्तर २
खरी वाटणी १९६० च्या मास्टर प्लॅनची, म्हणजे राज्याच्या उच्च शिक्षणाच्या आराखड्याची. त्यात पुढाकार क्लार्क केर यांचा, ते तेव्हा यूसीचे प्रेसिडेंट. शाळेतून निघणाऱ्या पोरांपैकी वरचे साडेबारा टक्के यूसीला, वरचे एक तृतीयांश कॅल स्टेटला, बाकी कुणालाही कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) उघडं, आणि तिथून दोन वर्षांनी ट्रान्सफर घेऊन बर्कलीला पण जाता येतं. ही ट्रान्सफरची वाट मला सगळ्यात भारी वाटते, आपले लोक उगाच तिला कमी लेखतात. राज्यातल्या मुलांना शिकवण्याची फी (ट्यूशन) नाही असंही त्यात होतं, ते केव्हाच गेलं, आता मजबूत फी आहे.

प्रश्नकर्ता
मग सॅन होजेला पीएचडी नाहीच?

उत्तर २
रिसर्च आणि पीएचडी मुख्यतः यूसीकडे. कॅल स्टेटला आधी दुसऱ्या युनिव्हर्सिटीबरोबर मिळूनच डॉक्टरेट देता यायची, २००५ च्या कायद्यानंतर शिक्षणशास्त्रातली स्वतःची देता येते. भाचीला नोकरीच करायची असेल तर सॅन होजे बघाच, सिलिकॉन व्हॅली दारातच आहे.