मदत हवी आहे: ट्रान्सफॉर्मेशन होतच नाहीये, प्लेट कोरीच

कोरी_प्लेट:
सोमवारी गाईडना रिझल्ट दाखवायचाय आणि ट्रान्सफॉर्मेशन, म्हणजे बॅक्टेरियात बाहेरचा प्लाझमिड (डीएनएचा छोटा गोल तुकडा) घालणं, काही केल्या होत नाहीये. ई. कोलायचा डीएच५ अल्फा स्ट्रेन, कॅल्शियम क्लोराइडची पद्धत. बर्फात अर्धा तास, ४२ अंशाला ९० सेकंद, परत बर्फात, मग अँटिबायोटिकच्या प्लेटवर पसरवायचं (प्लाझमिड गेलेल्या पेशीच तिथे जगतात). सकाळी बघावं तर एक कॉलनी नाही. सगळं प्रोटोकॉलप्रमाणे केलंय, त्यामुळे 'प्रोटोकॉल नीट वाच' सांगायला कृपया कुणी येऊ नये. लवकर सांगा.

अनु_के:
प्लाझमिड कुठला? अँटिबायोटिक कुठलं? कंट्रोल, म्हणजे तुलनेच्या प्लेट, काय लावले होते? साध्या एलबीवर, म्हणजे अँटिबायोटिक नसलेल्या खाद्यावर, या सेल्स वाढतात का? एवढं सांगितल्याशिवाय निदान करायला आम्ही पत्रिका बघतो का?

जुना_पिपेट:
शंभर टक्के वॉटर बाथ. आमच्या बाथच्या डिस्प्लेवर ४२ झळकायचं, आत थर्मामीटर बुडवला तर ३९. ट्यूब जाड असेल तर आणखी बोंब. आणि सेल्स उणे ८० मध्ये आहेत ना? उणे २० मध्ये ठेवल्या असतील तर टाकून द्या.

कोरी_प्लेट:
थर्मामीटर लावूनच केलंय. सेल्स उणे ८० मध्येच आहेत. साध्या एलबीवर रान माजल्यासारख्या वाढतात. मागे याच बॅचमध्ये पीयूसी१९ हा दुसरा प्लाझमिड व्यवस्थित गेला होता, म्हणून तर डोकं फिरलंय.

भट्टीवाले_काका:
ट्रान्सफॉर्मेशन शब्द बघून आत आलो. माझी उभी हयात हीट ट्रीटमेंटमध्ये गेली. तापवायचं आणि झटकन गार करायचं, हे तर आमचंच काम. ०.८ टक्के कार्बनचं पोलाद ७२७ अंशांच्या वर नेलं की अणूंची मांडणी बदलून ऑस्टेनाइट होतं. सावकाश गार करा, मऊ पर्लाइट मिळेल. पाण्यात बुडवा, कार्बनच्या अणूंना बाहेर पडायला सवडच मिळत नाही, अणूंची सगळी जाळी एकदम कलते आणि कडक पण ठिसूळ मार्टेन्साइट तयार होतं. लोहार कोयत्याला पाणी देतो ते हेच. पण नुसतं पाणी दिलेला कोयता आपटला तर तुकडा पडतो, म्हणून पुन्हा दोनशेच्या आसपास तापवून टेंपर करतात. तुम्ही ९० सेकंदांनंतर बर्फात ठेवता, पुढे टेंपरिंग काय करता?

तिरका:
काका, प्लेटवर बॅक्टेरिया आहेत, कोयता नाही.

नेटची_तयारी:
ग्रिफिथचा प्रयोग १९२८. उष्णतेने मारलेले एस (रोग करणारे) आणि जिवंत आर (निरुपद्रवी) न्यूमोकोकाय एकत्र उंदराला टोचले, उंदीर मेला आणि त्याच्यात जिवंत एस सापडले. हे घडवणारं द्रव्य डीएनए आहे हे एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं. परीक्षेला हमखास येतं.

तिरका:
विचारलं कुणी?

नेटची_तयारी:
काकांना कुणी विचारलं होतं? आणि ते 'आमचंच काम' वगैरे काही नाही. पोलादात बाहेरून नवीन काही येत नाही, आहे त्याच अणूंची मांडणी बदलते. पुन्हा तापवलं की परत ऑस्टेनाइट. बॅक्टेरियात बाहेरचं जनुक आत जातं आणि पुढच्या पिढ्यांत उतरतं.

भट्टीवाले_काका:
अँटिबायोटिक काढून घेतलं की तुमचे बॅक्टेरिया ते जनुक टाकून देतात, असं माझी सून म्हणते. ती मायक्रोबायॉलॉजीची आहे. मग परत फिरलंच की! आणि पांढरं कथिल १३.२ अंशांखाली करडं होऊन भुकटी पडते, तेही वाचा कधीतरी.

जुना_पिपेट:
कॅल्शियमचा नाद सोडा. इलेक्ट्रोपोरेशन करा, विजेच्या झटक्याने डीएनए आत घाला, विषय संपला.

कोरी_प्लेट:
मशीन नाही आमच्याकडे.

घाईत_बरा:
हीट शॉकनंतर ३७ अंशाला तासभर हलवत ठेवणं हा निव्वळ वेळकाढूपणा आहे. मी थेट प्लेट करतो, आजवर अडलं नाही.

कोरी_प्लेट:
आम्हीही तो तास धरत नाही. लॅबमधल्या सिनियरचा प्रोटोकॉल तसाच आहे. पीयूसी१९ तसाच गेला होता.

अनु_के:
थांबा! हे आत्ता सांगताय? आणि प्लाझमिड कुठला, दुसऱ्यांदा विचारतेय.

कोरी_प्लेट:
पीईटी-२८ए मध्ये इन्सर्ट, म्हणजे आम्हाला हवा तो डीएनएचा तुकडा, जोडलाय. कॅनामायसिन, मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. त्याने काय फरक पडतो?

अनु_के:
तिथेच सगळं अडलंय. पीयूसी१९ अँपिसिलिनवर होता. अँपिसिलिन पेशीभित्तिका बांधण्याचं काम बिघडवतं, म्हणजे फक्त वाढणारी पेशी मरते, आणि वाढ सुरू होईपर्यंतच्या वेळात प्लाझमिड असलेली पेशी बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम तयार करून औषधच तोडून टाकते. म्हणून घाईत_बरा यांचं निभावतं. कॅनामायसिन थेट रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्रच, धरतं. त्यापासून वाचवणारं एन्झाइम बनवायलाही रायबोसोमच लागतो. प्लाझमिड आत गेला तरी ते एन्झाइम तयार होण्याआधीच तुम्ही पेशीला कॅनामायसिनवर नेऊन टाकताय. अँटिबायोटिक नसलेल्या एसओसीत किंवा एलबीत (पातळ खाद्यात) ३७ अंशाला पूर्ण तास हलवत ठेवा, मगच प्लेट.

घाईत_बरा:
मी कॅनामायसिनलाही अर्ध्या तासात भागवलंय.

अनु_के:
तयार, गुंडाळलेला प्लाझमिड असेल तर भागतही असेल. इथे लिगेशन, म्हणजे कापलेले तुकडे जोडून केलेला डीएनए, आहे. त्यात नीट गोल झालेला डीएनए मुळातच थोडा, त्यातल्या निम्म्या पेशी घाईपायी कशाला मारायच्या? कोरी_प्लेट, ५० मायक्रोलिटर सेल्समध्ये लिगेशन ५ च्या वर घालू नका. सोबत तीन कंट्रोल: न कापलेला पीईटी-२८ए, इन्सर्टशिवाय लिगेशन, आणि डीएनए अजिबात नाही. पहिल्यावर कॉलन्या आल्या आणि तुमच्यावर नाही, तर दोष लिगेशनचा.

जुना_पिपेट:
तरी बाथ एकदा बघाच.

कोरी_प्लेट:
आल्या!! तास धरला आणि नऊ कॉलन्या आल्या. इन्सर्ट नसलेल्या लिगेशनच्या प्लेटवर मात्र सहा आहेत. चालेल ना? गाईडना दाखवू?

अनु_के:
नऊ आणि सहा? मग बहुतेक रिकामा व्हेक्टरच, म्हणजे इन्सर्टशिवायचा पीईटी-२८ए, परत जुळलाय. कॉलनी पीसीआर करून इन्सर्ट आत आहे का ते बघितल्याशिवाय कुणाला काही दाखवू नका. व्हेक्टर एका एन्झाइमने कापला होता की दोन?

कोरी_प्लेट:
एका.

अनु_के:
कापलेली टोकं परत जुळू नयेत म्हणून फॉस्फटेज लावलं होतं?

तिरका:
नवीन धागा काढा. काकांना इथे कथिलावर बोलायचंय.