स्टॉक दिसतो पण बिनमध्ये नाही : प्रतिसाद
एसएपीत जीआर (माल आल्याची नोंद) झाली, एमएमबीई ह्या स्टॉक बघायच्या स्क्रीनवर स्टॉक दिसतो पण पिकिंगला (ऑर्डरसाठी माल काढायला) माल येत नाही असं वर विचारलंय ना, तर आधी ९०२ बघा. एसएपी डब्ल्यूएममध्ये (गोडाऊनच्या आतल्या जागांचा हिशोब ठेवणारा भाग) १०१, म्हणजे जीआरचा कोड, मारलं की आयएमला (एकूण स्टॉकच्या हिशोबाला) माल लगेच चढतो, पण डब्ल्यूएममध्ये तो ९०२ ह्या इंटरिम स्टोरेज टाइपलाच (तात्पुरत्या जागेलाच) पडून राहतो, ट्रान्सफर ऑर्डर (माल हलवायची सूचना) काढून एलटी१२ ह्या स्क्रीनने कन्फर्म केल्याशिवाय बिनला (रॅकवरच्या ठरलेल्या जागेला) जातच नाही. आमच्या भिवंडीच्या गोडाऊनला तर पावसात नेट गेलं की पोरं माल रॅकवर लावून मोकळी, कन्फर्म उद्यावर, आणि मी इकडे कुर्ल्यात बसून फोनाफोनी करतोय 😅 एलएस२६ ह्या गोडाऊनचा स्टॉक दाखवणाऱ्या स्क्रीनमध्ये मटेरियल टाका, माल ९०२ लाच अडकलाय का ते कळेल. घाईत फरक पोस्ट करून (सिस्टिममधला आकडा कमी-जास्त करून) स्टॉक जुळवायला जाऊ नका मात्र, मी केलंय, नंतर निस्तरायला दोन दिवस गेले.