ई-कॅडहेरिन गेलं एवढंच नाही
ई-कॅडहेरिन, म्हणजे शेजारच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं प्रोटीन, कमी झालं की पेशींची एकमेकींवरची पकड सुटते आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरायला लागतो असं म्हणतात, ते बरोबर आहे पण अर्धंच. पेशींच्या त्याच जोडाच्या आतल्या बाजूला बीटा-कॅटेनिन नावाचं प्रोटीन असतं, ई-कॅडहेरिनला पेशीच्या सांगाड्यातल्या ॲक्टिनच्या धाग्यांशी जोडण्यात त्याचा हात असतो, आणि तेच प्रोटीन साचून केंद्रकात शिरलं की पेशीला वाढत राहायचा सिग्नल मिळतो. जास्तीचं बीटा-कॅटेनिन मोडीत काढायला एपीसी नावाचं प्रोटीन लागतं आणि या कॅन्सरमध्ये बहुतेक वेळा बिघडलेलं असतं ते नेमकं एपीसीच! शिवाय एपीसी पेशीच्या सांगाड्यातल्या बारीक नळ्यांनाही (मायक्रोट्यूब्यूल्स) धरतं, म्हणजे सांगाड्याशीही त्याचा थेट संबंध.

आणि हे फक्त लॅबपुरतं नाही हो, पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये 'ट्यूमर बडिंग' लिहिलेलं असतं ते जरूर बघा. गाठीच्या पुढच्या कडेला सुटलेल्या एकट्या पेशी किंवा जास्तीत जास्त ४ पेशींचे पुंजके मायक्रोस्कोपखाली मोजतात, ०.७८५ चौरस मिलिमीटर भागात १० किंवा जास्त दिसले तर बडिंग हाय. दुसऱ्या स्टेजला ऑपरेशननंतर केमो द्यायची का हे ठरवताना हा आकडाही विचारात घेतात, तेव्हा डॉक्टरांना त्याबद्दल नक्की विचारा.