थायलंडला आषाढ पौर्णिमेला बार चालू असतात का? आणि असले तरी त्या दिवशी बसावं का?

केळीवाला_रावेर

नमस्कार मंडळी. आम्ही रावेर तालुक्यातले सात जण आणि भुसावळचा एक मित्र असे आठ जण जुलैच्या शेवटी थायलंडला निघालोय, बँकॉक दोन रात्री आणि पटाया तीन. टूरवाल्याने प्रोग्रॅमचा कागद दिला, तो मी रात्री कॅलेंडरला लावून बघत होतो तर पटायाची दुसरी रात्र बरोबर गुरुपौर्णिमेला येतेय. त्याला फोन केला तर म्हणे त्या दिवशी तिकडे बुद्धाचा सण असतो, बार बंद असू शकतात, गेल्यावर बघू. गेल्यावर बघू म्हणजे काय भो, आम्ही त्याच रात्रीचं टेबल सांगून ठेवलंय कारण आमच्या नानांना त्या दिवशी साठ पूर्ण होतात. नाना म्हणजे, माझी चार हजार खोडं वादळात आडवी झाली होती तेव्हा सकाळी सहाला कुणी न सांगता दहा मजूर घेऊन बांधावर उभा असलेला माणूस. त्यांच्यासाठी एक संध्याकाळ नीट व्हावी एवढंच मनात आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. भुसावळचा जो मित्र आहे तो बौद्ध आहे, घेत नाही. आजवर आमच्यात बसला, जेवला, कधी काही बोलला नाही. पण तारीख कळल्यावर त्याने सांगितलं की मी येतो, नानांना हार घालतो, पण त्या रात्री मला ग्लासांच्या टेबलावर बसवू नका. ते बोलणं डोक्यातून जात नाहीये. माझ्या आईच्या गळ्यात माळ आहे, आषाढी एकादशीला आमच्या घरात कुणाची बाटलीला हात लावायची हिंमत नाही, मग दुसऱ्याच्या देशात त्यांच्या सणाला आपण हे करायचं का? म्हणून विचारतो, कायदा काय आहे आणि तिकडची माणसं खरंच पाळतात का. बौद्ध देशात सगळीकडे असंच असतं का तेही सांगा, पुढच्या वर्षी श्रीलंकेचं चाललंय.

जळगाव_ते_पटाया

दादा, चार वर्षं पटायात एका इंडियन रेस्टॉरंटच्या काउंटरवर होतो, त्यामुळे हे दिवस हाताखालून गेलेत. आधी नावं समजून घे म्हणजे कॅलेंडर आपोआप कळेल. तिकडे पूजेला बुचा म्हणतात. माखा बुचा म्हणजे माघ पौर्णिमा, विसाखा बुचा म्हणजे वैशाख, आसान्हा बुचा म्हणजे आपली आषाढ पौर्णिमा, सारनाथला बुद्धांनी पाच जणांना पहिला उपदेश दिला तो दिवस. त्याच्या दुसऱ्या दिवशी खाओ फान्सा, म्हणजे भिक्खूंचा वर्षावास सुरू, आणि तीन महिन्यांनी ओक फान्सा, वर्षावास संपला. हे पाच दिवस. (अधिक महिना असला की त्यांचं आणि आपलं गणित कधी महिनाभराने सरकतं, म्हणून त्या वर्षीची तारीख तिकडच्या कॅलेंडरवरच बघ, आपल्याकडच्या पंचांगावर जाऊ नको.)

आता कायदा. २००८ ला त्यांचा दारू नियंत्रणाचा कायदा आला, २००९ पासून यातल्या चार दिवशी विक्री बंद केली आणि २०१५ ला ओक फान्सा पण जोडला. म्हणजे मध्यरात्री बारा ते पुढच्या मध्यरात्री बारा, दुकान बार सगळं बंद. मे २०२५ मध्ये वैशाख पौर्णिमेच्या तोंडावर सरकारने सूट काढली, टुरिस्टचा धंदा बुडतो म्हणून. ती सूट सरसकट नाहीये हे लोकांना कळत नाही. इंटरनॅशनल विमानतळ, हॉटेल, रीतसर परवाना असलेली मनोरंजनाची ठिकाणं आणि मोठे राष्ट्रीय आंतरराष्ट्रीय कार्यक्रम जिथे होतात ती जागा, एवढ्यांनाच. कोपऱ्यावरचा बिअर बार, साधं रेस्टॉरंट, सेव्हन इलेव्हन, सुपरमार्केट यांना नाही. म्हणून तुझं टेबल कुठे आहे ते सांग. तुम्ही उतरलेल्या हॉटेलातच असेल तर मिळेल, बाहेर बीचवर साध्या रेस्टॉरंटला असेल तर नाही.

विकणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत जेल किंवा दहा हजार बाथपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि नोव्हेंबर २०२५ पासून नवीन दुरुस्ती लागू झालीये, त्यात बंदीच्या वेळेत बसून पिणाऱ्या गिऱ्हाइकावर पण दंड आहे, दहा हजार बाथ म्हणजे आपले पंचवीस हजाराच्या वर. आधी फक्त मालक अडकायचा, आता तुम्ही पण अडकाल. दुपारी दोन ते पाच विक्री बंद हा १९७२ पासूनचा नियम होता, तो डिसेंबर २०२५ मध्ये १८० दिवस प्रयोग म्हणून उठवला, तुम्ही जाल तेव्हा काय आहे ते हॉटेलात विचारून घ्या. वीस वर्षांखालच्याला एरवीसुद्धा देत नाहीत.

पाळतात का, तर आम्ही आदल्या रात्री बाराला बिअरच्या फ्रीजवर पांढरी चादर टाकायचो, चारी कोपरे चिकटपट्टीने चिकटवायचो आणि थाई भाषेत लिहिलेला कागद लावायचो. आमच्याकडची आंटी, भांडी धुवायची, ती त्या दिवशी सकाळी पांढरे कपडे घालून, कमळाच्या तीन कळ्या हातात घेऊन मंदिरात जायची आणि मगच कामावर यायची. काही बार कॉफीच्या मगात बिअर देतात हे पण खरंय, मी डोळ्यांनी बघितलंय. आपल्याकडचाच एक ग्रुप एकदा आमच्या मालकाच्या मागे लागला, डबल पैसे घ्या पण किटलीत भरून द्या. मालक थाई बाई होती. तिने नुसते हात जोडले आणि मान हलवली. ते आवाज चढवून बोलत राहिले आणि ती तशीच हात जोडून उभी. मला त्या दिवशी आपल्या लोकांची फार लाज वाटली. कृपा करून मगातलं मागू नका.

केळीवाला_रावेर

एवढं कुणी टूरवाल्याने नाही सांगितलं दादा. टेबल बाहेर समुद्राकडच्या रेस्टॉरंटमध्ये आहे, हॉटेलात नाही. मग एक दिवस पुढे ढकलतो, तिसऱ्या रात्री करतो.

जळगाव_ते_पटाया

अरे तीच तर गोची आहे, पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी खाओ फान्सा. दोन दिवस जोडून बंद. पुढे नको ढकलू, मागे ओढ. पटायाची पहिली रात्र मोकळी आहे, फक्त बाराच्या आत उठा.

पाटणादेवी_चाळीसगाव

श्रीलंकेचं विचारलंत म्हणून लिहिते. तिकडे वर्षाचे पाच दिवस नाहीत, प्रत्येक पौर्णिमेला पोया असतो आणि प्रत्येक पोयाला सरकारी सुट्टी. म्हणजे वर्षाला बारा, कधी तेरा. दारूची दुकानं बार बंद, मटणाची दुकानं पण बंद, सुपरमार्केटमध्ये बाटल्यांची रॅक झाकलेली. वेसाकला, म्हणजे वैशाख पौर्णिमेला, दुसरा दिवस पण जोडून बंद. आणि थायलंडपेक्षा तिकडे हे जास्त कडक वाटलं मला, त्यांच्या राज्यघटनेतच बौद्ध धर्माला अग्रस्थान लिहिलेलं आहे. वय तिकडे एकवीस.

आम्ही गेलो ते जूनमध्ये, पोसोन पोयाला अनुराधापूरला होतो. अशोकाचा मुलगा महिंद मिहिंतलेच्या डोंगरावर राजाला भेटला आणि धम्म बेटावर आला, तो दिवस. रस्ताभर पांढऱ्या कपड्यातली माणसं, म्हाताऱ्या बाया, कडेवर पोरं. आणि ठिकठिकाणी दानसल, म्हणजे आपला भंडाराच समजा, फुकट जेवण फुकट सरबत. एका दानसलवर आमची गाडी अडवली, आम्हाला वाटलं काही चुकलं, तर पोरं खिडकीतून भाताचे डबे देत होती, घेतल्याशिवाय पुढे सोडेनात. माझ्या मिस्टरांना रोज जेवणाआधी एक लागतो, मी लपवत नाही. त्या दिवशी संध्याकाळी ते स्वतःहून म्हणाले की आज आठवणच आली नाही. आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झालीत, मी हे पहिल्यांदा ऐकलं.

म्हणून भाऊ, श्रीलंकेला जाताना पोया चुकवून नका जाऊ, पोया बघूनच जा.

नवापूर_स्टेशन

मी दुसऱ्या बाजूने बोलतो, अकरा वर्षं परमिट रूमला मॅनेजर आहे. आमचं गाव कसंय तर रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात अर्धं गुजरातमध्ये, प्लॅटफॉर्मवरच्या एका बाकाची अर्धी बाजू ह्या राज्यात अर्धी त्या. त्या अर्ध्यात गुजरात झाल्यापासून म्हणजे १९६० पासून बारा महिने दारूबंदी, आणि ह्या अर्ध्यात फक्त ड्राय डे. त्यामुळे बंदी म्हणजे काय हे मला पुस्तकातून वाचावं लागत नाही.

आपल्याकडे १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, गांधी जयंती, आषाढी, निवडणूक असली की मतदान संपायच्या आधीचे ४८ तास, शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यात कलेक्टरला अधिकार आहे की शांततेसाठी कधीपण बंद करू शकतो. ड्राय डेच्या आदल्या दिवशी माझा गल्ला दीडपट असतो. जो एरवी क्वार्टर नेतो तो दोन नेतो, एक आजची एक उद्याची, आणि बऱ्याचदा दोन्ही आजच संपतात. घरी काय होत असेल ते मी त्यांच्या बायकांच्या तोंडावर बघितलंय, सकाळी पोराच्या फीचे पैसे मागायला काउंटरवर येतात.

पण तरी मी म्हणेन बंद असावं, आणि माझं कारण वेगळंय. आमच्याकडे नऊ वेटर आहेत, सगळी डोंगरातल्या पाड्यांवरची पोरं, रात्री एक वाजेपर्यंत उष्टे ग्लास उचलतात, दारुड्यांच्या शिव्या खातात. त्यांना आठवड्याची सुट्टी नावालाच आहे. ड्राय डेला दुपारी बारापर्यंत झोपलेली असतात ती पोरं. एक जण दर वेळी पहिल्या बसने आईकडे जातो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोहाची फुलं नाहीतर भगर बांधून आणतो आमच्यासाठी. टीप बुडते हे खरंय, आणि ज्याचं पोट टीपवर आहे त्याला ती बुडीत मालकाने द्यायला पाहिजे असं माझं मत आहे, आमच्या मालकाने दोन वर्षांपासून दिली, मागे लागून मिळवली. थायलंडला सूट दिली तेव्हा टुरिस्टचं बोलले सगळे, हॉटेलातल्या पोरांच्या गेलेल्या सुट्टीचं कोण बोललं?

भुसावळची_मावशी

केळीवाले भाऊ, तुमच्या मित्रासारख्याच घरातली आहे मी. आम्ही विहारात दर पौर्णिमेला पंचशील घेतो. पाचवं शील, सुरामेरयमज्जपमादट्ठाना वेरमणी सिक्खापदं समादियामि, म्हणजे दारू-नशेपासून लांब राहायचं शील मी घेतो. यातला समादियामि शब्द बघा, मी ग्रहण करतो. दुसऱ्याने करावं असं त्यात कुठे नाही. बाबासाहेबांनी १९५६ ला नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यात पण मी दारू पिणार नाही, असाच शब्द आहे, मी. म्हणून तुमचा मित्र तुम्हाला बंदी घालत नाहीये. तो फक्त त्याचं सांभाळतोय, आणि ते तुमच्यापुढे बोलून दाखवायला त्याला किती जड गेलं असेल ते मला माहितीये. माझे वडील रेल्वेत होते, पगाराच्या दिवशी यार्डातून सगळे एकदम निघायचे आणि वडील एकटे सायकल घेऊन दुसऱ्या रस्त्याने यायचे. तीस वर्षं. कुणाला नाही म्हणायला लागू नये म्हणून लांबचा रस्ता.

सरकारने बंद करणं आणि माणसाने सोडणं या दोन गोष्टी आहेत, पण एकीने दुसरीला आधार मिळतो असं मला वाटतं. थायलंडमध्ये खाओ फान्सापासून तीन महिने दारू सोडायची मोहीम चालते, खूप लोक वर्षावासभर खरंच सोडतात. दुकान बंद असलेला एक दिवस अशा माणसाला पहिलं पाऊल टाकायला बरा पडतो.

आणि एक सुचवू का. आसान्हा पौर्णिमेला संध्याकाळी तिकडच्या विहारांत वियन थियन असतं. हातात मेणबत्ती, उदबत्ती आणि फूल घेऊन उजवी घालत तीन फेऱ्या मारायच्या, कुणीही जाऊ शकतं, कुणी जात विचारत नाही की देश. नानांचा वाढदिवस आहे ना त्याच दिवशी? साठ वर्षांच्या माणसाला घेऊन जा. तुमच्या मित्राला पुढे चालू द्या.

केळीवाला_रावेर

मावशी, तुमच्या वडलांच्या सायकलचं वाचून थांबलो थोडा वेळ. मित्राला फोन लावला आणि हे सगळं वाचून दाखवलं, तो बराच वेळ काही बोलला नाही आणि मग म्हणाला की मेणबत्त्या मी घेईन, आठ.

टेबल पहिल्या रात्रीला घेतलं, बाराच्या आत उठायचं असं सगळ्यांना सांगून टाकलं. पौर्णिमेला संध्याकाळी विहार, नंतर हॉटेलातच साधं जेवण, नाना स्वतः म्हणाले वरणभात मिळाला तर बघ. नवापूरवाले भाऊ, पहिल्या रात्री जो पोऱ्या आम्हाला वाढेल त्याची दोन दिवसांची टीप आम्ही त्याच रात्री देऊ, हे पण ठरलं.

जळगाववाले दादा, एक शेवटचं विचारतो, विहारात हाफ पँटवर आत सोडत नाहीत ना? आमच्यातल्या पाच जणांनी बॅगेत नुसत्या हाफ पँटच भरल्यात.

जळगाव_ते_पटाया

नाही सोडत. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत, चपला बाहेर. आणि बसताना पाय बुद्धमूर्तीकडे करायचे नाहीत, नानांचे गुडघे दुखत असतील तर त्यांना मागे भिंतीला बसवा. फेऱ्या सहसा अंधार पडता पडता चालू होतात, तरी त्या विहाराची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या, गर्दी असते.