फ्रूट ब्रेडमध्ये ताजं अननस घातलं आणि पीठ सैल पडलं, कुठे चुकलं?

लालबागची_लेक
मदत हवीय, जरा सविस्तर लिहिते. आम्ही गिरगावात चाळीत राहायचो तेव्हा कोपऱ्यावरच्या बेकरीत संध्याकाळी फ्रूट ब्रेड यायचा, मनुका आणि लाल-हिरवी टुटीफ्रुटी घातलेला. आई त्याची जाड स्लाइस तव्यावर तूप सोडून भाजायची, मनुका फुगून यायच्या आणि कडेची साखर थोडी करपायची, तो वास अजून नाकात आहे. बेकरी बंद होऊन खूप वर्षं झाली. पुढच्या रविवारी आईला सत्तर पूर्ण होतायत म्हणून मला तोच ब्रेड घरी करायचाय.

परवा करून बघितला. ३०० ग्रॅम मैदा, १ चमचा इन्स्टंट यीस्ट, ३ मोठे चमचे साखर, मीठ, ४० ग्रॅम बटर आणि कोमट दूध १८० मिली. मनुका, टुटीफ्रुटी आणि माझी भर म्हणून वाटीभर ताजं अननस बारीक चिरून. मळलं तेव्हा गोळा छान झाला होता पण तासाभराने झाकण काढलं तर फुगलेलं दिसत होतं आणि हात लावला तर नुसतं चिकट, उचलायला गेले तर पसरलं, मग मूठभर मैदा घातला, परत सैल, परत मैदा. भाजल्यावर मधोमध बसला आणि तळाला ओला थर. यीस्ट जुनं असेल का? की पावसाची हवा?

रोज_मळणारा
ताई, यीस्ट चांगलंच आहे, पीठ फुगलं म्हणताय ना. तुमचं अननस नडलं. आपण मटणाला कच्ची पपई लावून ठेवतो, का तर ते मऊ पडावं म्हणून, बरोबर? पपईतलं पापेन मांसातलं प्रोटीन तोडतं, अननसात तसंच ब्रोमेलेन असतं आणि ते मैद्यातलं ग्लुटेन तोडतं. ब्रेडला उभं ठेवणारी जाळी ग्लुटेनचीच, ती आतून तुटत गेली की वरून कितीही मैदा घाला, पीठ धरणार नाही. ताज्या अननसाने जेली सेट होत नाही तेही याच कारणाने.

उपाय सोपा आहे. अननसाचे तुकडे दोन चमचे साखर घालून कढईत चांगले ७-८ मिनिटं शिजवा, पाणी आटू द्या आणि पूर्ण गार करून मगच वापरा. उष्णतेने ब्रोमेलेन निकामी होतं. डब्यातलं अननस चालतं कारण ते डबाबंद करतानाच गरम केलेलं असतं. ताजी किवी आणि ताजं अंजीर पण कच्चं घालू नका. आणि टुटीफ्रुटी कच्च्या पपईचीच असते तरी तिची काळजी नको, ती उकडून पाकात मुरवलेली असते.

चहा_खारी_बोरिवली
वरचं पटलं पण पावसाळ्याचाही थोडा हात असणार असं मला वाटतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे मैद्याचा डबा उघडला की पीठ हाताला दमट लागतं, म्हणून मी दूध एकदम ओतत नाही, दोन-तीन चमचे मागे ठेवते आणि गोळा बघून लागलं तरच घालते. शिवाय या हवेत पीठ पाऊण तासातच दुप्पट होतं, घड्याळ बघत बसू नका, पीठ बघा. बोट टोचलं आणि खळगा हळूहळू अर्धवट भरून आला की समजायचं झालं.

आणखी एक, दालचिनी घालायचा विचार असेल तर पिठात जास्त मिसळू नका, यीस्ट मंदावतं. मी पीठ लाटून त्यावर भुरभुरवते आणि गुंडाळी करून टिनमध्ये ठेवते.

रोज_मळणारा
दमट हवेचं खरं आहे ताई, पण त्याने पीठ सुरुवातीपासून सैल लागतं. यांचा गोळा आधी चांगला होता आणि नंतर सैल पडला, म्हणून मी अननसावरच ठाम आहे.

मनुका_वाटीभर
मनुकांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. कोरड्या घातल्या तर त्या पिठातलं पाणी शोषतात आणि ब्रेड दुसऱ्या दिवशी कोरडा लागतो. पंधरा-वीस मिनिटं कोमट पाण्यात भिजवा, निथळा, मग स्वच्छ पंचावर पसरून दाबून दाबून पुसा. हे पुसणं आळसाने सोडू नका, ओली फळं जिथे असतात तिथेच पीठ गिच्च राहतं. सगळी फळं मळून झाल्यावर शेवटी घाला, एकूण १०० ते १२० ग्रॅमच्या वर नको. टिनमध्ये ठेवल्यावर वर डोकावणाऱ्या मनुका बोटाने आत दाबा नाहीतर ओटीजीत जळून कडू होतात. १८० वर साधारण ३५ मिनिटं, वीस मिनिटांनी वर फॉइल. काढल्यावर ब्रेड उलटा करून तळाला टकटक करा, पोकळ आवाज आला की शिजला.

लालबागची_लेक
काल रात्री परत केला!! अननस शिजवून, मनुका पुसून, दूध दोन चमचे कमी. गोळा शेवटपर्यंत घट्ट राहिला, ब्रेड टिनच्या वर दोन बोटं आला आणि कापल्यावर आत एकसारखी जाळी, तळ कोरडा. खरंच खूप आभार तुम्हा सगळ्यांचे, मी चुकीच्या जागी दोष शोधत होते. आता एकच विचारते, रविवारी सकाळी पाहुणे येतील, शनिवारी संध्याकाळी करून फ्रिजमध्ये ठेवला तर चालेल का?

मनुका_वाटीभर
फ्रिजमध्ये नको, तिथे ब्रेड लवकर कडक होतो. पूर्ण गार होऊ द्या, गरम असताना झाकलात तर वाफ धरेल. मग कापडात गुंडाळून डब्यात बाहेरच ठेवा, एका रात्रीत काही होत नाही. रविवारी उरला तर स्लाइस करून फ्रीझरमध्ये, कारण या हवेत दोन-तीन दिवसांत बुरशी येते. आईंसाठी स्लाइस जाड कापा, आणि तवा मंद ठेवा.