गुरूपुढे बसलेले दिवस: तुमचे अनुभव लिहा

सांजवात
२०२५च्या नोव्हेंबरात आईला घेऊन काणकोणातल्या पर्तगाळला गेले होते, तिथल्या मठाच्या ५५० वर्षांच्या उत्सवाला. ७७ फुटी राममूर्तीपुढे आई हात जोडून उभीच राहिली. मी त्या भल्यामोठ्या वडाखाली जाऊन बसले. पारंब्या बघता बघता तोंडात आपसूक पंधरावा अध्याय आला, मुळं वर नि फांद्या खाली असलेलं ते झाड. आणि भटमाम आठवले, आमचे भटजी.

आमच्या फोंड्याकडच्या गावात ते तिन्हीसांजेला सोप्यावर सहा-सात पोरांना बसवून शिकवायचे. संथा म्हणजे ते एकदा म्हणणार, आपण दोनदा. चुकलं तर ओरडायचे नाहीत, बोटानं पाटावर टक् टक् करायचे. की पुन्हा पहिल्यापासून. ‘अश्वत्थ’मधल्या त्थवर मी तीन दिवस अडकले होते! मला ‘त्त’च यायचा. मुलगे पुढे पुरुषसूक्त, रुद्र शिकले. आम्हां दोघी मुलींना गीता आणि विष्णुसहस्रनाम. चौदाव्या वर्षी मी विचारलं, “माम, आमकां रुद्र कित्याक ना?”

ते उठून आत गेले. दोन दिवस माझ्याकडे बघितलं नाही. तिसऱ्या दिवशी सगळी पोरं गेल्यावर मला थांबवलं आणि म्हणाले, “माझ्या गुरुजींनी सांगितलं, मुलींना नाही. का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यामुळे तुला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही.”

रुद्र शिकवलं नाहीच. मी रुसून महिनाभर गेले नाही, मग परत गेले. माझा राग गेला की नाही हे मला आजही सांगता येत नाही, पण एवढं खरं बोललेला दुसरा मोठा माणूस त्या वयात मला भेटला नव्हता.

तुम्ही कुणाला गुरू मानलं असेल, किंवा घरच्यांनी मानायला लावलं असेल, तर लिहा. बरं-वाईट दोन्ही.

काणकोणकार
आमचं घर मठाचंच. आषाढी एकादशीला तप्तमुद्रा. होमावर तापवलेली मुद्रा स्वामी स्वतः दंडावर टेकवतात, उजवीकडे चक्र, डावीकडे शंख. पहिल्यांदा घेतली तेव्हा सात वर्षांचा असेन. रांगेत पुढच्या माणसाच्या कातडीचा चर्र आवाज आला आणि मी बाबांच्या धोतरात तोंड लपवलं. बाबांनी उचललं नाही की ढकललं नाही, नुसता हात धरून ठेवला. प्रत्यक्षात अर्धा सेकंद लागतो. दुसऱ्या दिवशी शाळेत फ्रान्सिसला खपली दाखवली तर तो म्हणाला, मलाही पाहिजे 😀

बाबा प्रत्येक मोठी गोष्ट मठात सांगून करायचे. परवानगी असं नाही, कानावर घालायचे. घर बांधलं तेव्हा, माझी नोकरी लागली तेव्हा. मला हे जमत नाही. पण एकादशी चुकवत नाही. प्रश्नोत्तरं करायचा गुरू मला मिळाला नाही, हा असा मिळाला.

रानभेंडी
सांजवात ताई, तुमचे माम देवमाणूस. सगळ्यांचे तसे नसतात.

आईनं एका महाराजांकडून कान फुंकून घेतला, म्हणजे गुरुमंत्र. आधी फक्त जप, गुरुवार. मग शनिवारीही बोलावणं. मग भावाचं ठरलेलं लग्न “पत्रिकेत गुरूची आज्ञा नाही” म्हणून मोडलं. मग म्हापशाकडची जागा विकायची की नाही हेही तिकडेच. एक दिवस आईच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. विचारलं तर म्हणाली, दक्षिणा. पपा कधी आवाज चढवत नाहीत. जेवता जेवता एवढंच म्हणाले, “गुरू केलास की कारभारी?”

सुटायला दोन वर्षं लागली. कारण मंत्र सोडला तर पाप लागेल ही भीती तिच्या मनात घालून ठेवली होती. शेवटी तिला कळवळून सांगितलं की मंत्र तुझा, जप चालू ठेव, फक्त तिकडे जाऊ नकोस. मग सुटली. भाऊ अजून तिच्याशी नीट बोलत नाही.

अबोली
रानभेंडी, वाचून पोटात कालवलं ग. आईला सांभाळ.

सांजवात, फोंड्याकडे म्हणजे कुठे? आमचं कवळ्याजवळ. तुमचे माम शिकवून झाल्यावर पंचखाजें द्यायचे का? आमच्याकडच्या भटमामांच्या सोप्यावर आम्ही त्यासाठीच जायचो, खरं सांगते.

सांजवात
हो!! चण्याची डाळ, गूळ, खोबरं, तीळ, वेलची. वाटीत नाही, हातावर. हात धुतलेला आहे का बघून.

दोन_पावलं
कुकर लावलाय, नंतर लिहिते. खूप आहे लिहायला.

तिसवाडीकर
गीतेचाच विषय निघाला म्हणून. चौथ्या अध्यायातला ३४वा श्लोक काढून बघा. ज्ञान मिळवायचं तर तीन गोष्टी सांगितल्यात: प्रणिपात, परिप्रश्न, सेवा. नमस्कार आणि सेवा सगळे शिकवतात. मधला परिप्रश्न, म्हणजे सगळ्या बाजूंनी विचारणं, तो गाळतात. आणि अठराव्याच्या ६३व्या श्लोकात सगळं सांगून झाल्यावर कृष्ण अर्जुनाला म्हणतो, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला हवं तसं कर. रानभेंडीच्या आईचे महाराज हे कधी वाचून दाखवणार नाहीत. मी स्वतः एका सत्संगात अकरा वर्षं गेलो. पहिला प्रश्न विचारला तो दहाव्या वर्षी. त्यानंतर मला पुढच्या रांगेत बसवणं बंद झालं. वर्षभर मागे बसलो, मग गेलोच नाही.

अबोली
कसला प्रश्न विचारलात काका?

तिसवाडीकर
वर्गणीचा हिशोब.

माडाची_सावली
आमच्या सासूबाई माणगावच्या बाजूच्या. टेंबे स्वामींचं गाव, त्यामुळे घरात दत्त आणि गुरुचरित्र. सप्ताह सासरे करायचे, सात दिवसांत ५२ अध्याय, सोवळ्यात, एकवेळ जेवण. बायकांनी गुरुचरित्र वाचायचं नाही, टेंबे स्वामींचं तसं वचन आहे असं घरात सांगायचे. सासूबाईंनी चाळीस वर्षं ऐकलं. सासरे गेल्यावर पहिल्या दत्तजयंतीला त्यांनी पोथी खाली काढली. मी चहा घेऊन गेले तर दार लोटलेलं, आत पुटपुटणं. मी चहा तसाच परत नेला. त्यांना कळलं मला कळलंय ते. सातव्या दिवशी सांज्याचा नैवेद्य दाखवला आणि मला म्हणाल्या, “सगळं पाठच होतं ग. ऐकून ऐकून.”

सांजवात
माडाची_सावली, हे वाचून थांबले. काय लिहू.

पेडणेकर_झिलो
संतकवी सोहिरोबानाथांची गोष्ट इथं यायलाच पाहिजे. पेडण्याच्या सरकारी कॉलेजाला त्यांचं नाव आहे, तिथं शिकलो मी. ते बांद्याचे कुलकर्णी. सावंतवाडीच्या दरबारातून बोलावणं आलं म्हणून निघाले, वाटेत भूक लागली, रानात फणस फोडून बसले. तेवढ्यात एक जोगी समोर उभा, मला काही देतोस का? त्यांनी गरे दिले. ते गहिनीनाथ होते, तिथंच उपदेश झाला, आणि नोकरी सुटली ती सुटलीच. आजी ही गोष्ट सांगताना फणस चिरत असायची, हाताला खोबरेल लावून. ती म्हणायची, बघ, गुरूनं आधी हात पसरला. शिष्यानं गरे दिले म्हणून पुढचं झालं.

मला गुरू नाही. शोधलाही नाही. पण फणस काढला की एक गरा बाजूला ठेवतो, सवय आहे.

रानभेंडी
झिलो, कापा की बरको? 🙂

पेडणेकर_झिलो
कापोच! बरको धोंदसाला (नव्हे, सांदणांना) 😀

अबोली
धोंदस काकडीचा करतात रे!! तवश्याचा. विषय बदलतोय, सॉरी सांजवात. माम आहेत का अजून?

सांजवात
नाहीत. २००९ साली गेले. शेवटी अर्धांगवायूनं वाचा गेली होती. मी भेटायला गेले तेव्हा काय बोलायचं सुचेना म्हणून पंधरावा म्हटला, वीसच्या वीस श्लोक. ते डोळे मिटून होते, ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांची सून म्हणाली, रोज असेच पडून असतात. निघताना तिनं हातावर पंचखाजें ठेवलं.

रुद्र मी पुढे चाळिशीत शिकले, पुण्यात बायकांच्या एका वर्गात. पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, उच्चार स्वच्छ आहेत, कुठे शिकलात? माझ्या तोंडून पटकन मामांचंच नाव गेलं.

दोन_पावलं
आले. कुकर झाला, भांडी झाली, पोरं झोपली.

माझ्या नवऱ्याचे गुरू कोविडमध्ये गेले. चांगले होते हो, एक पैसा घेतला नाही कधी. पण हे प्रत्येक गोष्ट त्यांना फोन करून विचारायचे. गाडी कुठली घेऊ, आईचं ऑपरेशन कुठल्या वारी. मी शेजारी बसलेली असायचे. मला कुणी विचारायचं नाही, आणि त्याचं मला तेव्हा वाईटही वाटायचं नाही इतकी सवय.

ते गेल्यावर हे चार महिने कामावरून येऊन गप्प बसायचे. नंबर अजून फोनमध्ये आहे, काढत नाहीत. मग मुलीच्या अकरावीचं आलं, सायन्स की कॉमर्स. रात्री साडेअकराला मला उठवलं. म्हणाले, “तुला काय वाटतं?” सतरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. मला आधी रडूच आलं, ते घाबरले. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात बसून दीडपर्यंत बोललो, मध्ये मी चहा केला.

कॉमर्स घेतलं तिनं. बरी चालली आहे. झोपते आता, सकाळी पोदेर (पाववाला) साडेसहाला येतो.