कागद नसलेल्या अनाथ मुलांना शाळेत कसं घालावं? (भुसावळ)

तापीकाठ: राम राम मंडळी. स्टेशनाजवळ दोन भावंडं राहतात, दहा आणि सात वर्षांची. आई-वडील वारले, सोबत म्हातारी आजी. कागद एकही नाही, म्हणून शाळा नाव घेत नाही. आमच्या गटाकडे थोडे पैसे आहेत. मुलांना सरळ वसतिगृहात ठेवावं का?

चोपडेकर ताई: भाऊ, तसं करू नका. नोंदणी नसलेल्या संस्थेत मूल ठेवणं बाल न्याय कायद्यात (2015) गुन्हा आहे. आजी सांभाळत असेल तर मुलं तिच्याकडेच राहू द्या, हेच त्यांच्या हिताचं.
आधी 1098 ला (मुलांसाठीची मदतवाहिनी) फोन करा किंवा जळगावच्या बाल कल्याण समितीकडे लेखी अर्ज द्या. पूर्ण एकटं मूल सापडलं तर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत समितीपुढे किंवा पोलिसांकडे कळवावंच लागतं. आणखी एक फायदा असा की समितीने नोंदवलेलं वय बाल न्याय कायद्यापुरतं खरं मानलं जातं. जन्मदाखला नसलेल्या मुलाला पुढेही हा आदेश कामी येऊ शकतो. त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा.

वर्गखोली: शाळा नाव घेत नाही म्हणता, पण शिक्षण हक्क कायद्यात (2009) कलम 14 स्पष्ट आहे: वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वर्ष अर्ध्यावर आलं असलं तरी नाही. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी नकार आला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे तीच प्रत जोडून तक्रार करा. पोच नसेल तर पुढे काहीच सिद्ध होत नाही, लोक इथेच अडकतात.
वर्ग मात्र वयाप्रमाणे. दहा वर्षांच्या मुलाला पाचवीच्या आसपास बसवायचं, आणि विशेष प्रशिक्षण किमान तीन महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं द्यायचं, ही शाळेची जबाबदारी. अक्षरओळख नाही म्हणून त्याला पहिलीत बसवतात, आणि सहा वर्षांच्या पोरांत बसायची लाज वाटून तो महिन्याभरात गळतो. हे जिल्हाभर चालू आहे आणि ते थांबायला हवं.

तापीकाठ: आणि आजीला काही मदत?

चोपडेकर ताई: क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना: दर मुलामागे महिना 2250 रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात, फी नाही. आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, रहिवास, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड, पासबुक लागतं. मृत्यूचा दाखला मिळवणं सगळ्यात कठीण, म्हणून त्याची सुरुवात आधी करा. आधार आणि पासबुकावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. एका आडनावाच्या फरकाने पैसे अडतात. हप्ते उशिरा येतात, तोवर वह्या-चपलांची सोय गटाने करावी.
अनाथ प्रमाणपत्रही काढून ठेवा. त्यावर शिक्षण आणि नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षण आहे. ते पोरं मोठी झाल्यावर आठवतं, आणि तेव्हा दाखले शोधता शोधता प्रवेशाची मुदत निघून जाते.

सातपुडा पायथा: धडगाव-अक्कलकुवा भागातून सांगतो. नाव घातल्यावर खरं काम सुरू होतं. ऊसतोडीला दिवाळीनंतर गुजरातला जाणाऱ्या नातेवाईकांबरोबर मूल निघालं की सहा महिने गेले. निघण्यापूर्वी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, तिकडच्या शाळेत दाखवता येतं. टीसी उशिरा आली म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही.
शिकवताना स्वयंसेवकामागे सात-आठ मुलांपेक्षा जास्त नकोत. पहिले पंधरा दिवस पाटी हातात देऊ नका. बोलणं, चित्रं, बाजारातले हिशोब. मूल अहिराणीत 'माले समजनं नही' म्हणालं तर प्रमाण मराठीत सुधारत बसू नका, पुन्हा समजावून सांगा. दुरुस्त करत राहिलात तर ते विचारणंच बंद करतं. सलग तीन दिवस गैरहजर दिसलं की चौथ्या दिवशी त्याच्या मुक्कामावर जा. आठवडा उलटला की त्याला कुठे तरी कामाला लावलेलं असतं.

वर्गखोली: पोषण आहार आणि पुस्तकं शाळेतूनच मिळतात, त्यावर गटाचा पैसा घालू नका. तो आजीच्या औषधपाण्यावर आणि दाखल्यांसाठीच्या येण्याजाण्यावर घाला. आजी आजारी पडली की आधी थोरल्याचीच शाळा सुटते.